सशाने कान टवकारले

साखरेचा पाक एकतारी झाला की नाही, हे पाहण्यासाठी गृहिणीला कुठल्या प्रयोगशाळेत जावे लागत नाही. ती पाकाचा थेंब बोटावर घेते, अंगठा टेकवून हलकेच उचलते आणि तार निघाली की पातेले खाली उतरवते. चकलीची भाजणी कशी जमली आहे, हे तिला पहिल्या घाण्यातली एक चकली मोडून कळते. मोहन कमी पडले असेल तर दुसऱ्या घाण्याच्या आधी ती ते सुधारून घेते. ज्याची परीक्षा घेता येते तेच सुधारता येते, हा सिद्धांत आपल्या स्वयंपाकघरात कुणी न शिकवता नांदतो आहे.

औषधांचेही तसेच आहे. तापावरचे औषध लागू पडले की नाही, हे थर्मामीटर सांगतो. मधुमेहाच्या गोळीचा हिशेब रक्तातली साखर देते. पण मेंदूवर चालणाऱ्या औषधाची परीक्षा कशी घ्यायची? झोप, धास्ती, उदासी, भ्रम, हाताचा कंप यांचा पाक कोणत्या बोटावर धरून पाहायचा? मेंदू तर कवटीच्या पेटीत बंद. रोगी सांगेल ते ऐकायचे आणि डॉक्टरांनी अदमासाने मात्रा कमी-जास्त करायची, असाच कारभार बरीच वर्षे चालला होता.

आज पुष्कळ घरांतल्या औषधांच्या डब्यात अशी एखादी गोळी असते. कुणाची झोपेची, कुणाची फिटची, कुणाची उदासीनतेवरची, तर आजोबांची कंपवाताची. ती गोळी खरोखर काम करते की नाही, तिची मात्रा अमुकच का, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. औषधांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. औषधे तपासणाऱ्या यंत्रांच्या आणि युक्त्यांच्या गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी हाच विषय घेतला आहे. आणि सुरुवात आपल्याच मातीतल्या एका मुळीपासून करतो.

मुळी आपली, कोडे सर्वांचे

सर्पगंधा ही वनस्पती वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. बिहारकडे तिच्या मुळीला 'पागल की दवा' असेच नाव पडले होते. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी लिहिले की, ही मुळी वेडाच्या झटक्यावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी त्या मुळीतून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी काढली. त्यांतल्या एकाला हकीम अजमलखान यांच्या नावावरून त्यांनी 'अजमलीन' असे नाव दिले.

पण जगाचे लक्ष या मुळीकडे वळवले ते मुंबईच्या एका डॉक्टरांनी. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना सर्पगंधा देऊन त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये छापल्या. पुढे १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतले मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. आता पाहा, डॉ. वकिलांना हे काम करता आले, कारण रक्तदाब मोजायला दंडाची पट्टी आणि पाऱ्याची नळी हाताशी होती. आधी किती, नंतर किती, हे आकड्यात सांगता येत होते. मुळीचा जो गुण मनावर दिसे, त्याला मात्र अशी पट्टी नव्हती.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरी सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसरपीन. दोनच वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड येथील मनोरुग्णालयातून डॉ. नेथन क्लाइन यांनी कळवले की, अतिशय प्रक्षुब्ध रोगीसुद्धा या औषधाने शांत होतात. औषध चालते हे दिसले. ते मेंदूत नेमके करते काय, हे मात्र कुणालाच सांगता येईना. मुळीचे कोडे सोडवले ते एका दिव्याच्या यंत्राने.

उजेडाचा तराजू

क्विनाइनचे पाणी उन्हात धरले तर ते निळसर झळकते. काही द्रव्यांचा हा स्वभावच आहे. एका रंगाचा उजेड ती पितात आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापावर दिलेले ॲटेब्रिन रक्तात किती उतरते, हे अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याच्या या झळाळीवरूनच मोजले होते. पण त्या वेळच्या उपकरणांत ठरावीक रंगांच्या काचा बसवलेल्या असत. जे द्रव्य त्या काचांच्या रंगात झळकणार नाही ते निसटून जाई.

बेथेस्डा येथील राष्ट्रीय हृदयविज्ञान संस्थेत रॉबर्ट बोमन नावाचे एक गृहस्थ होते. यंत्रे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांनी एक असे यंत्र बनवले, की ज्यात पाहिजे त्या रंगाचा उजेड नमुन्यावर सोडता येई, डोळ्यांना न दिसणारा जंबुपार उजेडसुद्धा. नमुन्यातून उलट येणाऱ्या उजेडाचा रंगही ते निवडून मोजी. प्रत्येक द्रव्याची उजेड घेण्याची आणि देण्याची जोडी निराळी. म्हणजे जणू द्रव्याची सहीच. १९५५ साली या यंत्राचे वर्णन छापून आले. त्याचे नाव लांबलचक आहे, आपण त्याला उजेडाचा तराजू म्हणू.

एका ग्रॅम मेंदूत सिरोटोनिन नावाचे द्रव्य एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असते. एवढीशी वस्तू या तराजूत तोलता येऊ लागली. त्याच संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत पार्कहर्स्ट शोर आणि स्वित्झर्लंडहून आलेले आल्फ्रेड प्लेचर यांनी १९५५-५६ मध्ये दाखवून दिले की, रेसरपीन दिल्यावर जनावरांच्या शरीरातले आणि मेंदूतले सिरोटोनिनचे कोठार रिकामे होते. मनाला शांत करणारे औषध आणि मेंदूतले मोजता येणारे द्रव्य यांची अशी गाठ कधी पडली नव्हती.

सशाची उठाबशी

याच सुमारास ब्रॉडींच्या प्रयोगशाळेत स्वीडनहून आर्व्हिड कार्लसन नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ पाच-सहा महिने शिकायला आला होता. तराजूची विद्या घेऊन तो परत गेला. त्याच्या डोक्यात प्रश्न घोळत होता, की रेसरपीनने एकच कोठार रिकामे होते की आणखीही?

मायदेशी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसरपीन टोचले. ससे गळाठून गेले. कान लोंबले, डोळे अर्धवट मिटले, ढकलले तरी हलेनात. मग त्यांनी सशांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. शरीर ज्यापासून पुढची द्रव्ये बनवते असा हा कच्चा माल. पाव तासाच्या आत ससे उठून बसले आणि त्यांनी कान टवकारले! १९५७ साली हे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सशांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे पुढे औषधशास्त्राच्या पुस्तकांतून सर्वत्र छापली गेली.

पण नवल पुढेच आहे. ससे उठले, ते कशाच्या जोरावर? सर्वांना वाटत होते की डोपापासून नॉरॲड्रेनलीन बनले असेल. तराजूत घालून पाहिले तर नॉरॲड्रेनलीन होते तितकेच कमी. वाढले होते ते डोपामीन. तोवर डोपामीनला कुणी विचारत नव्हते. नॉरॲड्रेनलीन बनताना वाटेत लागणारे ते एक ठिकाण, एवढीच त्याची ओळख. वाटेवरचा थांबा म्हणून ज्याकडे पाहिले, तेच खरे गाव निघाले. १९५९ मध्ये कळले की, मेंदूतले बहुतेक डोपामीन हालचालींचा ताबा ठेवणाऱ्या एका भागात साठलेले असते. रेसरपीन घेणाऱ्या काही रोग्यांचे हात कंपवातासारखे थरथरतात, हे डॉक्टरांनी आधीच पाहिले होते. मग कंपवात, ज्याला डॉक्टर पार्किन्सनचा आजार म्हणतात, तो डोपामीनच्या तुटवड्यानेच होत नसेल ना?

१९६० साली लंडनच्या एका परिषदेत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी कार्लसनच्या म्हणण्यावर नाके मुरडली. पण त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये एरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी कंपवाताने गेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. त्या भागात डोपामीन अगदी तळाला गेलेले आढळले. कार्लसनला नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० साली. सशाने कान टवकारले, पण नोबेल समितीने ते टवकारायला चव्वेचाळीसावे वर्ष उजाडावे लागले.

उलटी आणि उतारा

डोपा हे द्रव्य काही कार्लसनने शोधले नव्हते. १९१३ मध्ये बाझेलच्या रोश कंपनीतले मार्कुस गुगेनहाइम यांनी आपल्या वाल-घेवड्यांच्या वर्गातल्या एका युरोपीय शेंगेतून ते काढले होते. याचा उपयोग काय, हे पाहायला त्यांनी सशावर प्रयोग केला, काही विशेष दिसले नाही. मग त्यांनी अडीच ग्रॅम डोपा स्वतःच खाऊन पाहिले. झाल्या त्या उलट्या! द्रव्य निरुपयोगी, असा शेरा पडला आणि ते बाजूला राहिले. त्या गृहस्थांच्या धाडसाला नमस्कार. पण निरोगी माणसाच्या पोटाला विचारून आजारी मेंदूचे औषध ठरत नाही, हा धडा त्यातून मिळतो. कसोटी चुकीची असली की सोनेही पितळ ठरते.

१९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकीविच यांनी हेच द्रव्य कंपवाताच्या रोग्यांना शिरेतून दिले. अंथरुणाला खिळलेले रोगी उठून चालू लागले. परंतु हा गुण काही तास टिके. १९६७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज कॉट्झिआस यांनी दुसरी वाट धरली. डोपा तोंडावाटे द्यायचे, अगदी थोडक्यापासून सुरू करायचे, आणि आठवड्यामागून आठवडे धीराने वाढवत न्यायचे. मात्रा मोठी झाली, पण ती सावकाश वाढवल्यामुळे पुष्कळ रोग्यांना सोसली आणि गुण टिकला. १९७० मध्ये अमेरिकेत लेव्होडोपा या औषधाला परवानगी मिळाली.

तरीही मळमळ पुरती सुटत नव्हती. असे का, ते समजायला एक घरगुती दाखला देतो. परगावी शिकणाऱ्या मुलाला आपण फराळाचा डबा पाठवावा आणि वाटेतल्या मंडळींनीच तो फस्त करावा, मुलाच्या हाती चार शेव लागाव्यात, तसे लेव्होडोपाचे होते. मेंदूच्या भोवती एक तटबंदी असते. डोपामीन तिच्यातून आत जाऊ शकत नाही, लेव्होडोपा जाऊ शकते. म्हणून लेव्होडोपा द्यायचे. पण वेशीपाशी पोहोचण्याआधीच त्याचा मोठा वाटा शरीरात इतरत्र डोपामीन बनून खर्च होतो, आणि मळमळ होते ती या वाटेतल्या खर्चापायी.

शास्त्रज्ञांनी मग कार्बिडोपा नावाचे दुसरे द्रव्य त्याच्या जोडीला दिले. हे वाटेतल्या मंडळींच्या तोंडाला कुलूप लावते, पण त्याला स्वतःला मेंदूची तटबंदी ओलांडता येत नाही. म्हणजे आतल्या मुलाचा घास कोणी अडवत नाही. लेव्होडोपाची मात्रा त्यामुळे चौथ्या-पाचव्या हिश्शावर आली. या जोडगोळीच्या एका प्रसिद्ध नावाचा, 'सिनेमेट' चा, लॅटिन भाषेतला अर्थच 'उलटीविना' असा आहे. गुगेनहाइमसाहेबांच्या पोटाची तक्रार साठ वर्षांनी अशी दूर झाली.

उंदीर, दांडी आणि दुधाळ पाणी

औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर पाहायचे, तर त्यासाठीही युक्त्या लागतात. १९५७ मध्ये डनहॅम आणि मिया या दोघांनी एक साधे उपकरण सांगितले. आडवी फिरती दांडी आणि तिच्यावर उंदीर. उंदीर किती वेळ तोल सांभाळतो ते घड्याळाने मोजायचे. औषधाने तो आधीच पडू लागला, तर मज्जासंस्थेच्या कामात कुठेतरी बिघाड होतो आहे असे समजायचे. इतकी सोपी युक्ती, पण आजही ती वापरात आहे. १९८१ मध्ये स्कॉटलंडच्या रिचर्ड मॉरिस यांनी हौद भरून दुधाळ पाणी घेतले, त्यात पृष्ठभागाच्या जरा खाली एक चौथरा लपवला आणि उंदराला पोहायला सोडले. आसपासच्या खुणा लक्षात ठेवून तो दिवसेंदिवस लवकर चौथरा गाठू लागतो. स्मरणशक्तीवरच्या औषधांची परीक्षा घ्यायला हा हौद जगभर बांधला गेला.

मात्र उंदराला तोल असतो, स्मरण असते, हे दिसते. त्याला उदास वाटते का, हे त्याला विचारता येत नाही. उंदीर पाण्यात हातपाय मारायचे केव्हा थांबवतो, यावरून उदासीनतेची औषधे पारखण्याची एक कसोटी १९७७ पासून प्रचलित झाली. आज अनेक संशोधक तिच्यावर शंका घेतात. निमूट तरंगणारा उंदीर निराश असतो की शहाणा, हे कोणी सांगावे?

जिवंत मेंदूत डोकावणारी खिडकी

म्हणून माणसाच्या मेंदूतच डोकावण्याची सोय हवी होती. ती १९७० च्या दशकात पुढे आलेल्या पेट स्कॅनने दिली. अगदी थोडा किरणोत्सर्गी अंश जोडलेले द्रव्य शिरेतून देतात. ते मेंदूत जिथे जाऊन बसते तिथून येणारी खूण यंत्र टिपते. १९८३ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी या रीतीने जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामीनचे कोठार पडद्यावर आणले.

औषधे सुधारायला याचा उपयोग कसा झाला, पाहा. भ्रम होणाऱ्या रोग्यांना जी औषधे देतात त्यांतली बहुतेक डोपामीनच्या जागा अडवतात. पूर्वी गुण येईना की मात्रा वाढवीत. त्यातून रोग्यांचे हात थरथरू लागत, चेहरे निर्विकार होत. १९८० च्या दशकात स्टॉकहोमच्या लार्स फार्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅन करून मोजले की, नेहमीच्या मात्रेतच सुमारे ६५ ते ८५ टक्के जागा भरलेल्या असतात. पुढे असेही दिसले की, ८० टक्क्यांच्या वर गेले की गुण फारसा वाढत नाही, कंप आणि ताठरपणा मात्र वाढतो. 'थोडे द्यावे, पुरते' हे सांगायला डॉक्टरांच्या हाती पुरावा आला. किती रोग्यांचा त्रास त्यामुळे वाचला असेल!

याच खिडकीतून २००१ मध्ये व्हँकूवरला आणखी एक गोष्ट दिसली. कंपवाताच्या रोग्यांना औषध म्हणून नुसते खारे पाणी टोचले, तरी गुण येईल या नुसत्या अपेक्षेने त्यांच्या मेंदूत खरेखुरे डोपामीन स्रवले! डॉक्टरांचा हातगुण म्हणतात तो यंत्रात दिसला म्हणायचा. पण त्याचा अर्थ असाही होतो की, एखाद्याला एका औषधाने बरे वाटले एवढ्यावरून ते औषध खरे ठरत नाही. म्हणून अर्ध्या रोग्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला कोणती हे ना रोग्याला ठाऊक ना तपासणाऱ्या डॉक्टरला, ही जी पद्धत आहे तिला मी सगळ्या यंत्रांच्या वर मानतो. तिला वीज लागत नाही, फक्त प्रामाणिकपणा लागतो. आपल्या रेसरपीनने माणूस उदास होतो अशी पूर्वी फार हाकाटी झाली होती. पण १९५५ मध्येच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी या पद्धतीने पाहिले, तेव्हा चिंतेने आणि उदासीने ग्रासलेल्या रोग्यांना रेसरपीनने उलट बरे वाटल्याचे आढळले.

अप्पांची वही

आता वाचक म्हणतील, हे सगळे बाझेल-व्हिएन्नाचे पुराण आमच्या घरात कुठे बसते? तर एक जवळचा दाखला देतो.

आमच्या सोसायटीत अप्पा म्हणून एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. काही वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. गोळ्यांवर प्रकृती ठीक होती. मागच्या वर्षी त्यांची सूनबाई मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काका, अप्पांचा आजार वाढला हो. बसल्या जागी मान, खांदे, हात सारखे वळवळतात. हा नेहमीचा कंप नाही, वेगळंच काहीतरी आहे. गोळी वाढवायला हवी बहुतेक."

या सूनबाईला एक चांगली सवय आहे. दूधवाला, पेपरवाला यांच्या हिशेबाच्या वहीतच ती अप्पांच्या गोळ्यांची वेळही लिहून ठेवते. डॉक्टरांकडे जाताना ती वही तिने बरोबर नेली, मीही सोबतीला गेलो. डॉक्टरांनी अप्पांना कागदावर शंखाच्या वळणासारखी फिरत जाणारी रेघ काढायला सांगितली. हात किती थरथरतो ते पाहण्याची ही जुनी आणि बिनखर्चाची रीत. मग त्यांनी वही चाळली. त्यात लिहिले होते: सकाळी आठ, गोळी. सव्वाआठ, चूर्ण दुधातून. नऊ, अंग वळवळते.

"हे चूर्ण कसलं?" डॉक्टरांनी विचारले.

अप्पा खाली पाहू लागले. सूनबाई म्हणाली, "ते त्यांच्या मित्रांनी दिलंय. खाजकुइलीचं. झाडपाल्याचंच आहे, त्यात काय अपाय असणार, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. रागवाल असंही वाटलं."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "अप्पा, खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं. तुमच्या गोळीत जे आहे तेच. तुम्ही एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेत होतात. तुमचा आजार वाढलेला नाही, औषध जास्त झालंय."

मला हे ऐकून सशांची आठवण झाली. आणि हेही खरे, की त्या चूर्णाला नावे ठेवायचे कारण नाही. खाजकुइलीच्या बियांत डोपा आहे, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवले होते. आपल्या वैद्यकात कपिकच्छू म्हणून ती वापरात आहेच. २००४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी आठ रोग्यांवर चूर्ण आणि गोळी यांची तुलना केली. कोणते केव्हा दिले, हे रोग्यांना कळू दिले नव्हते. चूर्णाचा गुण लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. २०१७ मध्ये बोलिव्हियातल्या अठरा रोग्यांवर केलेल्या तपासणीतही ते गोळीच्या तोडीचे ठरले. म्हणजे चूर्ण पोकळ नाही, आणि धोका आहे तो त्याच कारणाने. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते वेष्टनावर छापलेले असते. मित्राने दिलेल्या पुडीत किती, ते कोण सांगणार? झाडपाल्याची म्हणून जी वस्तू आपण बिनधास्त देतो ती औषध असेल, तर तिचीही मात्रा असते आणि तिचाही अतिरेक होतो.

अप्पांचे चूर्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाले, आणि वळवळ थांबली. अशा आजारात आपल्या मनाने काही सुरू करू नये, तसे आपल्या मनाने काही एकाएकी बंदही करू नये. लेव्होडोपा अचानक तोडल्याने रोगी जिवाच्या संकटात सापडू शकतो.

आता पुढचे युग येऊ घातले आहे. २०१३ मध्ये व्हिएन्नातच मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिच यांनी माणसाच्या पेशींपासून काचेच्या बशीत मेंदूच्या ऊतीचे मटारएवढे गोळे वाढवले. २०२३ मध्ये आपल्या सरकारनेही नवीन औषधांच्या नियमांत बदल करून, प्राण्यांखेरीज अशा मानवी पेशींवरच्या कसोट्यांना वाट करून दिली. उंदरांना त्यामुळे थोडी उसंत मिळेल आणि कसोटी माणसाच्या अधिक जवळ येईल. पण बशीतला मेंदू "मला बरे वाटते" असे कधी म्हणणार नाही. ते सांगायला माणूसच लागेल, आणि त्याचे सांगणे टिपून ठेवायला त्याच्या घरातले कोणीतरी लागेल.

म्हणून मोठमोठ्या औषधांच्या चाचण्यांतही आजमितीला कंपवाताच्या रोग्यांना एक रोजनिशी देतात. कोणत्या वेळी हालचाल ठीक, कोणत्या वेळी अंग अडलेले, केव्हा वळवळ, हे त्यांनी किंवा घरच्यांनी त्यात भरायचे. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, हेही लिहिण्यासारखे असते. कारण डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने लेव्होडोपाच्या वाटेत येतात आणि पुष्कळदा गोळी जेवणाआधी घेतल्याने फरक पडतो. आणि घरात जे जे चूर्ण, काढा, आसव पोटात जाते, तेही त्याच पानावर यायला हवे. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी मंडळी नव्या वह्यांची पूजा करतात. ज्या घरी आजोबांचा हात थरथरतो, आजींना रात्र रात्र झोप नाही, किंवा तरुण मुलगा मनाच्या दुखण्यावर गोळ्या घेतो आहे, त्या घराने यंदा खरेदीच्या यादीत एक वही अधिक लिहावी, आणि पाडव्यापासून तिच्यात रोज चार ओळी खऱ्या लिहाव्यात.